संगणकावरच्या फाइली सर्व्हरवर आपोआप कशा पोचवाव्यात

नारायण पेठेतल्या आमच्या अक्षरजुळणीच्या कार्यालयात गणपती गेले की दिवाळी अंकांची खरी घाई सुरू होते. दिवसभरात जुळलेले फर्मे (एका मोठ्या कागदावर एकत्र छापल्या जाणाऱ्या पानांचे संच), दुरुस्त केलेली मुखपृष्ठे आणि जाहिरातींच्या पीडीएफ संध्याकाळी सर्व्हरवर ठेवाव्या लागतात, कारण कोथरूडला राहणारे आमचे मुद्रितशोधक त्या रात्री घरून वाचतात आणि धायरीचा छापखाना सकाळी तिथूनच उतरवून घेतो. कित्येक वर्षे हे काम कोणीतरी एक जण घरी जाण्याआधी बसून हाताने करत असे. ते करताना तो माणूस स्वतःच्याही नकळत अनेक प्रश्नांची उत्तरे देत असे: ही फाइल बंद केली आहे की अजून कोणी तिच्यावर काम करत आहे, समोरचा सर्व्हर आपलाच आहे ना, मध्येच नेट गेले तर पुन्हा कुठून सुरू करायचे, सगळे पोचले हे कशावरून समजायचे. काम यंत्राच्या हाती दिले की ते रात्री साडेनऊला कोणालाही न विचारता आपले काम करून मोकळे होते. म्हणून ही सगळी उत्तरे त्याला आधीच लिहून द्यावी लागतात. आपोआप फाइली पाठवण्याची व्यवस्था लावणे म्हणजे मुख्यतः ही उत्तरे लिहिणे होय. आज्ञा पाठ करणे हा त्यातला सोपा भाग आहे.

पहिले उत्तर मार्गाचे. एका संगणकावरून दुसऱ्यावर फाइल पाठवण्याचे नियम ज्या एफटीपी या नावाने ओळखले जातात, त्यांचा पहिला मसुदा १९७१ साली अभय भूषण यांनी लिहिला. ते आयआयटी कानपूरचे पदवीधर, आणि तेव्हा अमेरिकेत एमआयटीमध्ये होते. त्या काळी जाळ्यावर मोजकेच संगणक होते आणि ते वापरणारे लोक बहुतांशी एकमेकांना ओळखत होते, त्यामुळे वापरकर्त्याचे नाव आणि पासवर्ड उघड्या पोस्टकार्डासारखे तारेवरून जातात यात कोणाला वावगे वाटले नसावे. आज मात्र जुन्या साध्या एफटीपीने काहीही पाठवू नये. १९९५ साली हेलसिंकीच्या तंत्र विद्यापीठाच्या जाळ्यावर कोणीतरी असेच जाणारे पासवर्ड टिपून घेतले, आणि त्यानंतर तिथल्या तातू युलोनेन यांनी एसएसएच हा सांकेतिक, बंद मार्ग तयार केला. आज एसएफटीपी, एससीपी आणि पुढे ज्याविषयी सविस्तर लिहिणार आहे ते आरसिंक ही तिन्ही साधने याच मार्गावरून चालवता येतात. नावातले साम्य फसवे आहे: एसएफटीपी म्हणजे एफटीपीची सुधारलेली आवृत्ती नव्हे, ती एसएसएचच्या घरातली निराळी व्यवस्था आहे.

दुसरे उत्तर ओळखीचे. रात्री साडेनऊला पासवर्ड टाकायला कोणी नसते, आणि तो एखाद्या फाइलीत लिहून ठेवणे म्हणजे किल्ली दाराला अडकवून जाणे. यासाठी एसएसएचमध्ये किल्ल्यांची जोडी वापरतात. बँकेत खाते उघडताना आपण नमुना सही देतो आणि पुढे प्रत्येक धनादेशावरची सही बँक त्या नमुन्याशी ताडून पाहते, तसेच हे आहे. जोडीतली सार्वजनिक किल्ली म्हणजे सर्व्हरकडे ठेवलेला नमुना, आणि खाजगी किल्ली म्हणजे सही करणारा हात, जो आपल्या संगणकाबाहेर कधीही जात नाही. फरक इतकाच की कागदावरचा नमुना पाहून कुशल माणूस खोटी सही गिरवू शकतो, पण सार्वजनिक किल्ली हाती लागली तरी तिच्यावरून सही करता येत नाही. नवी जोडी करायची असेल तर एड२५५१९ हा प्रकार निवडावा. खाजगी किल्लीची फाइल मालकाखेरीज दुसऱ्या कोणाला वाचता येत असेल, तर एसएसएच ती वापरण्यास साफ नकार देते. पहिल्यांदा व्यवस्था लावणारा माणूस इथे हमखास अडतो आणि चूक दुसरीकडेच शोधत बसतो.

या खाजगी किल्लीला स्वतःचा परवलीचा शब्द लावता येतो, परंतु रात्रीच्या कामासाठी तो टाकणारा कोणी नसल्यामुळे बहुतेक ठिकाणी ती बिनशब्दाची ठेवावी लागते. ज्याच्या हाती ती फाइल पडेल त्याच्या हाती सर्व्हरचे दार पडेल, ही भीती मग खरी असते. यावरचा उपाय म्हणजे त्या किल्लीची ताकदच कमी करणे. तिच्यासाठी सर्व्हरवर वेगळा वापरकर्ता तयार करावा, त्याला एकाच फोल्डरात लिहिण्याची मुभा द्यावी, आणि ज्या फाइलीत सार्वजनिक किल्ली नोंदवतो त्याच ओळीत या किल्लीने फक्त फाइली पाठवण्याचीच आज्ञा चालेल असे बंधन लिहावे. आपले स्वतःचे रोजचे खाते, आणि विशेषतः सर्व्हरचे मुख्य खाते, या कामाला कधीही वापरू नये.

ओळख दोन्ही बाजूंनी पटावी लागते. एखाद्या सर्व्हरला प्रथम जोडले जाताना एसएसएच त्याच्या किल्लीचा ठसा दाखवते आणि पुढे जाऊ का असे विचारते. आपण होकार दिला की तो ठसा नोंदवून ठेवते आणि पुढे कधी तो बदलला तर काम थांबवते. हा पहिला होकार माणसाने स्वतः बसून द्यावा, आणि तोही सर्व्हर देणाऱ्याच्या नियंत्रण पानावर दिसणाऱ्या ठशाशी अक्षर न् अक्षर जुळवून. आपोआप चालणारे काम या प्रश्नापाशी अडते म्हणून ही तपासणीच बंद करून टाकण्याचा सल्ला पुष्कळ ठिकाणी वाचायला मिळतो. तो मानू नये. बंद पाकीट चुकीच्या पत्त्यावर पोचले तर ते बंद असण्याला काही अर्थ उरत नाही.

आता खुद्द पाठवण्याकडे वळतो. आमच्या कार्यालयातली मॅक आणि विंडोज यंत्रे आपापले काम कोपऱ्यातल्या एका लहान लिनक्स संगणकाला जोडलेल्या डिस्कवर ठेवतात, आणि सर्व्हरकडे पाठवण्याचे काम तो एकटा संगणक करतो. एका मोठ्या अंकाचे फोल्डर सहज २ जीबीचे होते. नेट देणारा वेग बिटांत सांगतो आणि फाइलीचा आकार बाइटांत असतो, एका बाइटात ८ बिट, म्हणून २० एमबीपीएसने वर पाठवताना २ जीबीला ८०० सेकंद, म्हणजे सुमारे सव्वातेरा मिनिटे लागतात, आणि हेही सगळे सुरळीत असेल तर. रोज सगळेच फोल्डर पाठवायचे म्हटले तर दहा अंकांना दोन तासांहून अधिक वेळ जाईल, जेव्हा दिवसभरात प्रत्यक्ष बदललेली पाने पन्नाससुद्धा नसतील.

फक्त बदललेले पाठवण्याचा हा प्रश्न आरसिंकने फार देखण्या रीतीने सोडवला आहे. अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरास यांनी ते १९९६ साली ऑस्ट्रेलियात तयार केले. आरसिंक प्रथम दोन्हीकडच्या फाइलींचा आकार आणि शेवटच्या बदलाची वेळ पाहते. दोन्ही जुळले तर ती फाइल न उघडताच पुढे जाते. नव्वद टक्के काम इथेच वाचते असे माझ्या अनुभवावरून म्हणता येईल. ज्या फाइली बदललेल्या दिसतात त्यांच्याबाबत ते आणखी खोलात शिरते, आणि ती युक्ती समजून घेण्यासारखी आहे.

समजा सर्व्हरवर एका कादंबरीची कालची मजकूर-फाइल आहे आणि आपल्याकडे आजची, जिच्या अगदी आरंभी अर्पणपत्रिकेची एक ओळ वाढली आहे. सर्व्हर आपल्या जुन्या फाइलीचे समान तुकडे पाडतो, प्रत्येक तुकड्यावरून एक हलका आणि एक भक्कम असे दोन छोटे आकडे काढतो आणि फक्त ते आकडे आपल्याकडे पाठवतो. आपण आपल्या फाइलीचे तसेच तुकडे पाडून आकडे ताडून पाहिले तर एकही जुळणार नाही, कारण त्या एका ओळीमुळे पुढचे प्रत्येक अक्षर जागचे सरकले आहे. म्हणून आरसिंक आपल्या फाइलीवरून तुकड्याएवढी एक खिडकी एकेक बाइट पुढे सरकवत नेते आणि प्रत्येक ठिकाणी हलका आकडा पाहते. दर वेळी सगळा तुकडा नव्याने मोजायचा तर हे काम अशक्य झाले असते. परंतु तो आकडा असा निवडला आहे की मागून गळालेला बाइट वजा केला आणि पुढून आलेला मिळवला की नवा आकडा लगेच तयार होतो. हा हलका आकडा जुळला तरच अधिक भक्कम असा दुसरा आकडा काढून खात्री केली जाते. शेवटी तारेवरून जाते ती अर्पणपत्रिकेची ओळ आणि ‘बाकीचे तुकडे तुमच्याकडेच आहेत, ते या क्रमाने लावा’ एवढा निरोप. हा लाभ अर्थात मजकुराच्या आणि न दाबलेल्या फाइलींना जास्त मिळतो. झिप किंवा जेपेगसारख्या दाबलेल्या फाइलीत लहानशा बदलाने पुढचे सगळे बाइट बदलतात, तेव्हा ती जवळपास पूर्णच पाठवावी लागते.

आरसिंकच्या आज्ञेत दोन ठिकाणी विशेष सावध राहावे. पाठवायच्या फोल्डराच्या नावाच्या शेवटी तिरकी रेघ दिली तर फोल्डरातला ऐवज जातो, आणि न दिली तर फोल्डरासकट जातो. एका रेघेच्या फरकाने सर्व्हरवर फोल्डरात फोल्डर तयार होते. दुसरे ठिकाण अधिक गंभीर आहे. आपल्याकडे पुसलेली फाइल सर्व्हरवरूनही पुसली जावी असा एक पर्याय आहे, आणि तो नसेल तर जुनी, बाद झालेली प्रुफे तिथे साचत जातात आणि छापखाना एखाद्या दिवशी चुकीची पाने उचलतो, म्हणून आम्ही तो लावला होता. एका सप्टेंबरात संध्याकाळी साफसफाई करताना त्या डिस्कची केबल निघाली. डिस्क निघाली तरी ती ज्या फोल्डरात दिसते ते फोल्डर लिनक्सवर जागेवरच राहते, फक्त रिकामे. साडेनऊला आरसिंकने ते रिकामे फोल्डर पाहिले, मालकाने सगळे पुसले आहे असा त्याचा अर्थ लावला आणि सर्व्हरवरचे सगळे अंक पुसून टाकले. रात्री दहाला मुद्रितशोधकांचा फोन आला, ‘अहो, फोल्डर उघडतंय, पण आत एकसुद्धा पान नाही.’ मूळ फाइली डिस्कवर सुरक्षित होत्या, पण सगळे पुन्हा पाठवण्यात ती रात्र आणि दुसरा दिवस गेला आणि एका अंकाची छपाईची पाळी हुकली. माणूस रिकामे फोल्डर पाहून थबकला असता. यंत्राला थबकायला शिकवावे लागते. तेव्हापासून त्या डिस्कवर एक छोटी खुणेची फाइल ठेवलेली आहे आणि ती दिसली नाही तर काम सुरूच होत नाही. शिवाय एका वेळी ठराविक संख्येपेक्षा जास्त फाइली पुसू नयेत अशी मर्यादाही आज्ञेतच घालता येते. नवी आज्ञा लिहिल्यावर ती प्रथम कोरडी चालवून पाहावी. त्या पर्यायाने आरसिंक काहीही न बदलता आपण काय काय केले असते याची यादी दाखवते. ती यादी खरोखर वाचावी.

अर्धवट फाइलींचा प्रश्न दोन्ही टोकांना असतो. पोचण्याच्या टोकाला आरसिंक तो स्वतःच सांभाळते: येणारी फाइल आधी लपलेल्या तात्पुरत्या नावाने लिहिली जाते आणि पूर्ण झाल्यावरच तिला खरे नाव मिळते, त्यामुळे छापखान्याने त्याच क्षणी फोल्डर उघडले तरी अर्धी पीडीएफ त्याच्या हाती पडत नाही. निघण्याच्या टोकाला मात्र आपणच शिस्त पाळायची असते. कोणी रात्री उशिरापर्यंत बसून इनडिझाइनमध्ये पान जुळवत असेल, तर त्या फाइलीची मधलीच अवस्था निघून जाऊ शकते. आम्ही ‘तयार’ नावाचे एक वेगळे फोल्डर केले आहे. काम संपले की पीडीएफ तिथे हलवायची, आणि रात्री फक्त तेच फोल्डर छापखान्याच्या वाटेला जाते.

ठरलेल्या वेळी काम सुरू करण्याचे काम लिनक्सवर क्रॉन हा कार्यक्रम करतो. त्याच्या एका ओळीत पाच खाने असतात: मिनिट, तास, तारीख, महिना, वार. ‘३० २१ * * *’ म्हणजे रोज रात्री साडेनऊ. प्रत्यक्ष फाइलीत हे आकडे इंग्रजी अंकांत लिहावे लागतात. आपण स्वतः आज्ञा दिली तर चालते आणि क्रॉनने दिली तर चालत नाही, असे झाले तर बहुधा कारण एकच असते: क्रॉनला आपल्या रोजच्या मांडणीची माहिती नसते, म्हणून प्रत्येक कार्यक्रमाचा आणि फोल्डराचा पत्ता त्याला मुळापासून पूर्ण लिहून द्यावा. सर्व्हरच्या बाजूलाही काही काम ठरलेल्या वेळी करायचे असेल तर त्याचे घड्याळ कोणत्या देशाच्या वेळेवर आहे ते पाहावे. ते जागतिक प्रमाणवेळेवर असेल तर आपली वेळ साडेपाच तास पुढे असते आणि तिथले साडेनऊ म्हणजे पुण्यातले पहाटेचे तीन.

पुण्यात गुरुवारी देखभालीसाठी वीज काही तास बंद राहणे आपल्या अंगवळणी पडले आहे. संगणक बंद असताना कामाची वेळ टळली तर साधा क्रॉन ती वेळ विसरतो, नंतर भरून काढत नाही. त्यासाठी क्रॉनचाच भाऊबंद असलेला ॲनाक्रॉन, किंवा सिस्टमडी या लिनक्सवरची कामे सुरू करणाऱ्या व्यवस्थेच्या टायमरमधला चुकलेले काम पुढे करण्याचा पर्याय वापरावा. विंडोजच्या टास्क शेड्युलरमध्येही तसा पर्याय आहे, पण तो आपण निवडावा लागतो. याच्या उलटही घडते: आजचे काम इतके लांबते की ते संपण्याआधी पुढचे सुरू होते आणि दोन्ही एकाच फोल्डरात लिहू लागतात. दर तासाला चालणाऱ्या कामात हे सहज होते. कामाला आरंभी कुलूप घेण्यास सांगावे, म्हणजे ते कुलूप पहिल्याकडे असेपर्यंत दुसरे सुरू होत नाही.

फाइलींची नावे मराठीत ठेवणाऱ्यांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगायला हवी, कारण ती इंग्रजी मार्गदर्शिकांत सापडत नाही. ‘दुसऱ्या फर्म्याची दुरुस्ती’ या नावातला ‘ऱ्या’ युनिकोडमध्ये एकापेक्षा अधिक प्रकारे लिहिला जातो. नुक्त्याचा ‘ऱ’ एकच अक्षरचिन्ह म्हणून असू शकतो, किंवा साधा ‘र’ आणि सुटा नुक्ता अशी दोन चिन्हे म्हणून. काही कळफलक तर र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह वापरून तीच आकृती काढतात. डोळ्यांना तिन्ही सारखीच दिसतात. जुन्या मॅक यंत्रांची फाइलव्यवस्था पहिला प्रकार आपण होऊन दुसऱ्यात बदलत असे, आणि लिनक्स नावातल्या चिन्हांत काहीच बदल करत नाही, त्यामुळे त्याच्या लेखी त्या दोन निराळ्या फाइली ठरतात. आमच्या सर्व्हरवर एकाच नावाच्या दोन पीडीएफ शेजारी शेजारी दिसत, एक जुनी आणि एक नवी, आणि कोणती खरी हे तारीख पाहिल्याशिवाय सांगता येत नसे. लांबीचीही अडचण आहे. लिनक्सवर नावाला सामान्यतः २५५ बाइटांची मर्यादा असते आणि देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते, काना-मात्रा-वेलांटी धरून. म्हणजे ८५ चिन्हांत नाव संपते. लेखाचे शीर्षक, लेखकाचे नाव आणि ‘अंतिम दुरुस्ती’ एवढे लिहिले की आपण तिथे जवळपास पोचलेले असतो. नाव मराठीतच ठेवावे असा माझाही आग्रह असतो, म्हणून आम्ही फाइलीच्या आरंभी अंकाचा व पानाचा क्रमांक लिहितो आणि मराठी शीर्षक त्यापुढे थोडक्यात ठेवतो, म्हणजे शंका आली तर क्रमांकावरून निर्णय होतो.

काम झाले की नाही हे सांगण्याची सोय सर्वांत शेवटी लावली जाते आणि बहुतेकांची तीच राहून जाते. प्रत्येक कार्यक्रम संपताना एक आकडा मागे ठेवतो. शून्य म्हणजे सगळे ठीक. आरसिंकचा २३ म्हणजे काही फाइली चुकीमुळे पोचल्या नाहीत, आणि २४ म्हणजे यादी केल्यानंतर पाठवण्याआधीच काही फाइली नाहीशा झाल्या, जे चालू कार्यालयात घडतेच. २४ कडे एरवी दुर्लक्ष करता येईल, २३ कडे नाही. चूक झाल्यावर ईमेल यावा एवढी व्यवस्था मात्र पुरत नाही, कारण संगणकच बंद असेल तर तो ईमेल कोण पाठवणार? आमच्याकडे दर रात्री काम संपल्यावर यशाचा छोटा निरोप जातो आणि सर्व्हर स्वतःच्या बाजूने पाहतो की रात्री अकरापर्यंत तो आला का. न आल्यास तो आम्हाला कळवतो. न आलेल्या निरोपाची दखल घेणारा कोणीतरी पलीकडे असावा लागतो.

एक मर्यादाही स्पष्ट सांगावी लागेल. सर्व्हरवरची हुबेहूब प्रत म्हणजे सुरक्षित साठा नव्हे, कारण आपल्याकडे बिघडलेली फाइल त्याच रात्री तिथल्या चांगल्या फाइलीच्या जागी जाऊन बसते, आणि खंडणीखोर व्हायरसने कुलूपबंद केलेल्या फाइलीही तशाच इमानाने पोचवल्या जातात. यासाठी सर्व्हरने स्वतः रोज तारखेच्या नावाचे वेगळे फोल्डर करावे आणि तिथे लिहिण्याची मुभा आपल्या रात्रीच्या वापरकर्त्याला देऊ नये. आरसिंकमध्ये कालच्या फोल्डराशी तुलना करून न बदललेल्या फाइलींना फक्त दुसरे नाव जोडण्याचा पर्याय आहे, त्यामुळे तीस दिवसांची तीस फोल्डरे दिसतात पण जागा एका पूर्ण प्रतीची आणि रोजच्या बदलांची एवढीच लागते. मग महिन्याच्या पहिल्या शनिवारी त्यातले कोणतेही एक जुने फोल्डर निवडून एक फर्मा दुसऱ्याच संगणकावर उतरवावा, उघडावा आणि पहिल्या पानापासून शेवटपर्यंत चाळून पाहावा; आमच्याकडे हे काम ज्यांचा तो फोन आला होता तेच मुद्रितशोधक करतात.